जमीन किती सरकली? आकाशातून मोजलेला भूकंप
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

गटाच्या बैठकीला जमलेल्या ताया, भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या वहिनी, शेतातून आत्ताच घरी आलेल्या मावश्या, सगळ्यांना नमस्कार.

आज भूकंपाविषयी बोलू या. भूकंप का होतो, ते आपण शाळेत थोडंफार शिकलेलो असतो. आजचा प्रश्न जरा वेगळा आहे. भूकंप चालू असताना जमीन किती हलली, किती सरकली, हे मोजतात कसं? आणि त्यासाठी आकाशातले उपग्रह कशाला लागतात? तुम्ही म्हणाल, ते शास्त्रज्ञांचं काम, आम्हाला काय त्याचं? पण हा आकडा वेळेवर आणि बरोबर कळला नाही, तर लाखो माणसांना कमी धोक्याचा इशारा जातो. असं खरोखर घडलेलं आहे. त्याची हकिकत पुढे सांगते. आधी मोजमापाची अडचण समजून घेऊ.

कापड मोजायचं तर गज स्थिर लागतो. दूध मोजायचं तर माप स्थिर लागतं. भूकंपात घर हलतं, झाड हलतं, आपण उभ्या असतो ती जमीन हलते आणि मोजणारं यंत्रही त्याच जमिनीवर ठेवलेलं असतं. मग किती हललं, हे कशाच्या आधारानं सांगायचं?

जुन्या लोकांनी एक युक्ती काढली. चौकटीला एक जड वजन टांगायचं. जमीन हलली की चौकट हलते, पण जड वजन क्षणभर जागच्या जागी राहू पाहतं. बैलगाडीला अचानक हिसका बसला की गाडी पुढे जाते आणि आपण मागे राहतो, तसंच. चौकट आणि वजन यांच्यातला हा फरक कागदावर उमटवायचा. हा झाला भूकंपमापक. आजची यंत्रं विजेवर चालतात, पण त्यांच्या मुळाशी हीच कल्पना आहे. ती इतकी नाजूक असतात की हजारो किलोमीटरवर झालेला, आपल्या पायांना अजिबात न जाणवणारा हादराही ती टिपतात.

मग यांचं कुठं अडतं? आपल्या बचत गटाच्या वहीचंच उदाहरण घ्या.

समजा, वहीत आपण फक्त रोजचा जमा-खर्च लिहितो. एवढे आले, एवढे गेले. शिल्लक लिहीतच नाही. वर्षाच्या शेवटी सगळ्या नोंदींची बेरीज-वजाबाकी करून शिल्लक काढायला बसतो. मध्ये कुठं दोन रुपये चुकले, कुठं पाच रुपये लिहायचे राहिले. चुका छोट्या, पण त्या साठत जातात आणि शेवटची शिल्लक भलतीच येते. भूकंपमापकाचं तसं होतं. तो हिसके टिपतो. त्या हिसक्यांची बेरीज करत करत जमीन शेवटी किती सरकली, हे काढावं लागतं. लहान भूकंपात ते जमतं. मोठ्या भूकंपात यंत्र स्वतःच थोडं तिरकं होतं, छोट्या चुका साठतात आणि शेवटचा आकडा भरकटतो. शिवाय अगदी नाजूक यंत्रांचा काटा मोठ्या धक्क्यात मापाच्या बाहेर जातो. किलोच्या तागडीत पोतं टाकल्यासारखं होतं. काटा टोकाला जाऊन टेकतो आणि पोत्याचं वजन काही कळत नाही.

गटात अशा वेळी आपण काय करतो? पेटी उघडतो आणि रोकड मोजतो. वही काही म्हणो, पेटीत एवढे आहेत. उपग्रहाची मोजणी ही अशी रोकड मोजणी आहे. किती हिसके बसले, हे ती विचारत नाही. हा खांब आत्ता कुठं आहे आणि मघाशी कुठं होता, एवढंच विचारते.

आता ही मोजणी चालते कशी ते बघू.

मोबाईलमध्ये आपण नकाशा उघडतो आणि आपण कुठं आहोत ते निळ्या ठिपक्यानं दिसतं. ते काम जीपीएसचं. ही अमेरिकेची व्यवस्था. तिचे सुमारे ३० उपग्रह पृथ्वीपासून २०,००० किलोमीटरहून थोड्या जास्त उंचीवर फिरत असतात. रशिया, युरोप आणि चीन यांच्याही अशाच व्यवस्था आहेत. आपल्या इस्रोची ‘नाविक’ नावाची व्यवस्था आहे. या प्रत्येक उपग्रहात अतिशय अचूक घड्याळ असतं. उपग्रह सतत सांगत राहतो : मी अमुक ठिकाणी आहे आणि आत्ता अमुक वेळ झाली आहे. हा निरोप प्रकाशाच्या वेगानं खाली येतो. इथल्या यंत्राला तो किती उशिरा मिळाला, यावरून उपग्रहाचं अंतर निघतं. वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळानं ऐकू आला, यावरून वीज किती लांब पडली याचा अंदाज आपण करतो, तसंच हे. एका उपग्रहावरून फक्त अंतर कळतं. चार किंवा जास्त उपग्रहांची अंतरं जुळवली की आपली जागा पक्की होते.

आता तुम्ही विचाराल, मोबाईलचा ठिपका तर कधी कधी शेजारच्या वाड्यात दाखवतो. मग त्यानं भूकंप कसा मोजायचा? बरोबर आहे. साध्या मोबाईलमध्ये काही मीटरांची चूक होते. भूकंपासाठीचं केंद्र वेगळं असतं. खडकात किंवा जमिनीत खोलवर पक्का रोवलेला खांब, त्यावर ताटलीसारखा अँटेना, शेजारी सौर पॅनेल आणि बॅटरी. हे यंत्र उपग्रहाच्या रेडिओ लाटासुद्धा मोजतं. त्यातली एक लाट १९ सेंटिमीटर लांबीची असते, म्हणजे साधारण एक वीत. त्या लाटेचाही बारीक भाग यंत्राला ओळखता येतो. शेजारच्या केंद्रांशी ताळा करून, हवेमुळे होणारा उशीर वजा करून, खांबाची जागा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरपर्यंत सांगता येते. कित्येक दिवसांच्या नोंदी एकत्र केल्या तर मिलिमीटरपर्यंत.

अशा खांबांमुळे एक गोष्ट पक्की कळली. आपल्याला स्थिर वाटणारी जमीन स्थिर नाही. आपला सगळा भारतखंड दर वर्षी सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. बोटाची नखं वाढतात साधारण तेवढ्याच संथपणे. यातले सुमारे दोन सेंटिमीटर हिमालयापाशी अडतात. तिथं ताण साठत जातो, वर्षानुवर्षं, शतकानुशतकं. मग एके दिवशी खडक सुटतो आणि साठलेली सरकण काही सेकंदांत होऊन जाते. तो भूकंप.

ही संथ चाल मोजायची तेव्हा घाई नव्हती. पूर्वी बहुतेक केंद्रं अर्ध्या मिनिटाला एक नोंद करायची. पण भूकंपाचा मुख्य हादरा तेवढ्या वेळात संपूनही जातो. मग यंत्रं सेकंदाला एक नोंद करू लागली. ३ नोव्हेंबर २००२ रोजी अलास्कात देनाली इथं ७.९ तीव्रतेचा भूकंप झाला. क्रिस्टीन लार्सन या अमेरिकन संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सेकंदा-सेकंदाच्या नोंदी तपासल्या. त्यांत भूकंपाच्या लाटा जाताना जमीन कशी पुढे-मागे झाली, ते स्पष्ट उमटलेलं होतं. हजारो किलोमीटर दूरच्या केंद्रांवरसुद्धा. उपग्रहांवरून जमिनीची संथ चाल मोजता येते हे आधी माहीत होतं. आता चालू भूकंपातला हादराही मोजता येतो, हे दिसलं.

आता ती हकिकत सांगते. जपानची.

११ मार्च २०११. दुपारचे २ वाजून ४६ मिनिटं. जपानच्या ईशान्य किनाऱ्यापासून दूर समुद्राखाली प्रचंड भूकंप झाला. जपान हा भूकंपाची सवय असलेला, तयारीचा देश. तीन मिनिटांत त्सुनामीचा इशारा सुटला. पण तो ज्या आकड्यावर बेतलेला होता, तो आकडा कमी होता. पहिल्या हिशेबात तीव्रता ७.९ आली. खरी होती ९. ऐकायला फरक एकाचा वाटतो, पण हे माप पायरीपायरीनं वाढत नाही. एक आकडा वाढला की भूकंपाची ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणजे खरा भूकंप पहिल्या आकड्याच्या ४० पटींहून मोठा होता. सुधारित हिशेब लगेच करायचा, तर देशातले नाजूक भूकंपमापक मापाबाहेर गेलेले होते. मघाच्या तागडीसारखे.

त्या कमी आकड्यावरून इशारा गेला : मियागी जिल्ह्यात ६ मीटरची लाट, इवाते आणि फुकुशिमा जिल्ह्यांत ३ मीटरची. अनेक गावांना समुद्राच्या बाजूला उंच भिंती होत्या. तीन मीटर ऐकल्यावर काहींना वाटलं, एवढी लाट तर भिंत अडवेल. ३ वाजून १४ मिनिटांनी, म्हणजे भूकंपानंतर २८ मिनिटांनी, इशाऱ्याचे आकडे वाढवले गेले. पण तोवर बऱ्याच ठिकाणची वीज गेलेली होती. पुष्कळांपर्यंत नवा आकडा पोचलाच नाही. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी लाट दहा मीटरपेक्षा उंच होती. काही ठिकाणी पाणी डोंगरउतारावर ४० मीटरांच्या आसपास चढलं. १८,००० हून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली.

त्याच वेळी जपानभर उपग्रहांशी जोडलेले सुमारे १,२०० खांब उभे होते. त्यांच्यावर जमिनीची सरकण सेकंदा-सेकंदाला नोंदली जात होती. ओशिका नावाच्या भूशिराजवळचा खांब पूर्वेकडे पाच मीटरहून जास्त सरकला आणि एक मीटरहून जास्त खाली गेला. पाच मीटर म्हणजे साधारण एक खोली ओलांडून जाणं. जमीन परत जागेवर आली नाही. त्या भागातली बंदरं खचली आणि पुढं कित्येक महिने भरतीचं पाणी रस्त्यांवर येत राहिलं. हीच ती शिल्लक, मैत्रिणींनो. हादरा थांबल्यावरही उरते ती.

नंतर शास्त्रज्ञांनी या खांबांच्या नोंदी घेऊन हिशेब केला, तेव्हा असं दिसलं की नोंदी त्याच वेळी वापरल्या असत्या तर पाच मिनिटांच्या आत तीव्रता नऊच्या जवळपास आहे हे कळलं असतं. रोकड पेटीत होती, मोजायची व्यवस्था तयार नव्हती.

याआधी २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळच्या भूकंपातही हेच झालं होतं. ती त्सुनामी आपल्या तमिळनाडूवर आणि अंदमान-निकोबारवर येऊन आदळली. त्या भूकंपाचा पहिला अंदाज ८ होता. खरी तीव्रता नऊच्या वर निघाली.

जपाननं यातून दोन गोष्टी केल्या. पहिली यंत्रांची. खांबांच्या नोंदी भूकंप चालू असतानाच हिशेबात घेणारी व्यवस्था उभारली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या इशारा व्यवस्थेतही आता उपग्रहांची मोजणी जोडली आहे. आपल्याकडे त्सुनामीचा इशारा हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेतून दिला जातो. तिनंही अंदमान-निकोबारात भूकंपाच्या यंत्रांबरोबर उपग्रहांशी जोडलेली केंद्रं बसवली आहेत.

दुसरी गोष्ट भाषेची. रेडिओवाल्या आपण सगळ्यांनी ती लक्षात ठेवावी अशी आहे. भूकंप फार मोठा असेल आणि पहिला आकडा कमी निघण्याची शक्यता असेल, तर जपानमध्ये २०१३ पासून पहिल्या इशाऱ्यात मीटरचे आकडे देत नाहीत. ‘प्रचंड’ असा शब्द वापरतात. आकडा ऐकला की माणूस हिशेब करत बसतो. शब्द ऐकला की उठून पळतो. १ जानेवारी २०२४ ला नोतो भागात भूकंप झाला, तेव्हा तिथल्या सार्वजनिक वाहिनीवरच्या निवेदिका बाईंनी नेहमीचा शांत सूर सोडला आणि अक्षरशः ओरडून लोकांना सांगितलं : आत्ता पळा, टीव्ही बघत बसू नका.

आता जवळच्या, नेपाळच्या भूकंपाकडे येऊ. तिथं समुद्र नाही, त्सुनामी नाही. तिथं उपग्रहांच्या मोजणीनं वेगळंच काही शिकवलं.

२५ एप्रिल २०१५, शनिवार. दुपारी बाराला चार मिनिटं कमी असताना गोरखा भागात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. नेपाळमध्ये उपग्रहांशी जोडलेले खांब आधीपासून उभे होते. त्यांतले काही सेकंदाला पाच नोंदी घेत होते. भूकंपानंतर काही केंद्रांवर माणसं स्वतः जाऊन नोंदी घेऊन आली. त्यांवरून दिसलं की काठमांडूचं खोरं काही सेकंदांत सुमारे दीड ते दोन मीटर दक्षिणेकडे सरकलं आणि सुमारे एक मीटर वर उचललं गेलं. आणि ही सरकण एका मोठ्या, संथ झोक्यासारखी होती. काठमांडू शहर एका जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेलं आहे. परातीत दही हलावं तसा तो गाळ हलला, चार-पाच सेकंदांना एक झोका या तालात.

या तालाला फार महत्त्व आहे. झोपाळ्याची दोरी आखूड असली तर झोके भरभर होतात, लांब असली तर संथ. घरांचंही तसंच. बुटक्या घराला भरभर हिसके मोडतात, उंच इमारतीला संथ झोके. काठमांडूत धरहरा नावाचा ६० मीटरांच्या आसपास उंचीचा मनोरा कोसळला. पण शहरातल्या बुटक्या घरांचं जेवढं नुकसान होईल अशी भीती होती, तेवढं झालं नाही. याचं एक कारण हा संथ ताल, असं शास्त्रज्ञ सांगतात.

डोंगरातल्या गावांत मात्र उलट झालं. सिंधुपालचोक, गोरखा, रसुवा या जिल्ह्यांत भरभर हिसके बसले आणि घरं होती दगड-मातीची. गावंच्या गावं आडवी झाली. नेपाळमध्ये सुमारे ९,००० माणसं मेली आणि पाच लाखांच्या आसपास घरं पूर्ण पडली. मरण पावलेल्यांत पुरुषांपेक्षा बायका आणि मुलींची संख्या जास्त होती. दुपारची वेळ, पुष्कळ बायका घरात कामात होत्या. शनिवारी शाळांना सुट्टी होती, म्हणून शाळांच्या इमारती पडल्या तरी असंख्य मुलं वाचली.

दगड-मातीची घरं म्हटल्यावर आपल्याला किल्लारी आठवणारच. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची पहाट, चारला चार मिनिटं कमी. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली माणसं झोपेत होती. भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर. जपानच्या मानानं कितीतरी लहान. तरी आठ ते दहा हजार माणसं गेली. कारण भूकंपाचं मूळ उथळ आणि गावांच्या अगदी खाली होतं, आणि घरं माळवदाची. जाडजूड भिंती, बाहेरून दगड, आतून दगड, मध्ये माती आणि गोट्यांची भर, डोक्यावर मातीचं जड छप्पर. भिंतीचे दोन पदर सुटले आणि माळवद खाली आलं.

मग प्रश्न येतो, आपल्याकडे हे उपग्रहांचे खांब कामाला येतील का? याचं उत्तर सरळ देते. कोयनेच्या परिसरात ११ डिसेंबर १९६७ ला मोठा भूकंप झाला आणि आजही तिथं लहान-मोठे धक्के बसत असतात. तिथं भूकंपमापकांच्या जोडीला उपग्रहांची केंद्रंही आहेत. जमिनीत वर्षावर्षांत काय बदल होतो, ते त्यांवरून अभ्यासतात. पण ही रोकड मोजणी नोटा मोजते, चिल्लर तिला दिसत नाही. सहाच्या आसपासच्या भूकंपात केंद्रापासून थोडं दूर गेलं की जमिनीची सरकण एखाद-दोन सेंटिमीटरांची असते. उपग्रहांच्या झटपट मोजणीत तेवढी चूक सहजच असते. तिथं जुना भूकंपमापकच जास्त उपयोगी. आठ-नऊच्या भूकंपात उपग्रह उपयोगी. दोन्ही लागतात, जशी गटाला वहीही लागते आणि पेटीही.

आणि दुसरी गोष्ट. किल्लारीसारखा भूकंप पायाखालीच झाला, तर कुठलाही इशारा वेळेवर पोचत नाही. भूकंपाची लाट सेकंदाला काही किलोमीटर धावते. इशारा निघायच्या आत भिंत हललेली असते. इशाऱ्याचा फायदा दूरच्या माणसाला मिळतो. मोठ्या भूकंपापासून शंभर-दोनशे किलोमीटरवर असलेल्याला काही सेकंद मिळतात, समुद्रकाठच्याला लाट येईपर्यंत काही मिनिटं मिळतात. त्या मिनिटांसाठीच तो आकडा चटकन आणि बरोबर लागतो. पायाखालच्या भूकंपाला मात्र इलाज एकच, घर.

इथं दोन गैरसमजही दूर करते. पहिला, मोबाईलवरचा भूकंपाचा इशारा. अँड्रॉइड फोनवर २०२३ पासून भारतातही हा इशारा येऊ शकतो. तो जीपीएसच्या सरकण मोजणीवर चालत नाही. फोन आडवा-उभा केला की पडदा फिरतो ना, ते ओळखणारा फोनमधला छोटा भाग हादरा ओळखतो. अनेक फोनांनी एकाच वेळी हादरा कळवला की इशारा निघतो. फोनच्या सेटिंगमध्ये तो चालू आहे का, ते घरातल्या मुला-मुलींकडून बघून घ्या.

दुसरा गैरसमज, तारखेचा. ‘उपग्रहावरून कळलंय, आज रात्री दोन वाजता मोठा भूकंप होणार, घराबाहेर झोपा,’ असे निरोप मोबाईलवर फिरतात. उपग्रहांवरून ताण कुठं साठतो आहे ते कळतं. भूकंपाचा दिवस आणि वेळ आज जगात कुणालाही सांगता येत नाही. असा निरोप आला तर तो पुढे पाठवू नका.

आता घराकडे येऊ. किल्लारीनंतर काय झालं, ते आपल्या गटांनी अभिमानानं सांगावं असं आहे. भूकंपानंतर घरांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीचा मोठा कार्यक्रम सरकारनं चालवला. त्यात स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर महिला मंडळांतल्या बायकांनी ‘संवाद सहायक’ म्हणून काम केलं. पैसे कुठं लावायचे, भिंत कशी बांधायची, गवंड्यानं काम नीट केलं का, हे त्या घरोघर जाऊन समजावत आणि तपासत. २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा इथल्या अनुभवी बायका तिकडच्या बायकांना मदत करायला गेल्या. घर बांधणं पुरुषांचं काम, ही समजूत त्यांनी मोडून काढली.

त्या कामात ज्या गोष्टी बघायच्या, त्या आजही त्याच आहेत. दगडी भिंत असेल तर तिच्या आरपार जाणारे लांब दगड हवेत. उंचीत दर दोन फुटांवर आणि आडवे दर चार फुटांवर. भिंतीचे दोन पदर त्यांनीच बांधून राहतात. दारा-खिडक्यांच्या वर, सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारा सिमेंट-काँक्रीटचा पट्टा हवा, आत लोखंडी सळ्या घातलेला. कमरपट्ट्यानं लुगडं आवळून बसतं, तसं तो घराला आवळून धरतो. तो फक्त दारावर टाकून सोडून द्यायचा नाही, कोपऱ्यांवरून फिरला पाहिजे. माळवद असेल तर दर पावसाळ्याआधी नवी माती टाकत गेल्यानं छप्पर जड होत जातं. जुनी माती काढून भार कमी करावा. दारं-खिडक्या भिंतीच्या कोपऱ्याला चिकटून ठेवू नयेत.

आणि हादरा बसलाच तर? घर पक्कं असेल तर पळापळ करू नका. खाली बसा, मजबूत टेबलाखाली किंवा पलंगाखाली शिरा, डोकं झाका, हादरा थांबेपर्यंत धरून राहा. घर दगड-मातीचं असेल आणि मोकळ्या अंगणाचं दार दोन पावलांवर असेल, तर लगेच बाहेर पडा आणि भिंतींपासून, विजेच्या तारांपासून लांब थांबा. समुद्रकिनाऱ्यावर कधी असाल आणि जमीन जोरात किंवा बराच वेळ हलली, तर कुणाच्या आकड्याची वाट बघू नका. उंचावर जा. जपानची ती दुपार आठवा.

पुढच्या बैठकीसाठी गटाला चार कामं सुचवते. एक, गटातल्या कुणाचं घर दगड-मातीचं आणि जड छपराचं आहे, त्यांची यादी करा. दोन, त्या घरांत आरपार दगड आणि फिरता पट्टा आहे का, ते गावातल्या जाणत्या गवंड्याला बरोबर नेऊन बघा. कुणी नवं घर बांधत असेल किंवा घरकुलाचा हप्ता आला असेल, तर काम सुरू व्हायच्या आत हे बघा. तीन, रात्री झोपण्याच्या जागेच्या वर काय आहे ते तपासा. माळ्यावरची जड भांडी, जातं, पेट्या उशाच्या वर असतील तर आजच खाली घ्या. चार, भूकंपाचा निरोप आला तर तो खरा की खोटा हे कुणाला विचारायचं, ते ठरवून ठेवा. तलाठी, ग्रामसेवक, आपलं रेडिओ केंद्र, यांचे नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

पुढच्या वेळी बातम्यांत भूकंपाचा आकडा ऐकाल, तेव्हा दोन प्रश्न विचारा. हा पहिला अंदाज आहे की पक्का हिशेब? आणि भूकंप आपल्यापासून किती लांब होता? आकडा नंतर बदलला तर कुणी फसवलं असं समजू नका. वहीनंतर पेटी मोजून झाली, एवढाच त्याचा अर्थ.

तुमच्या गटानं घरांची पाहणी केली की काय आढळलं ते आपल्या केंद्रावर येऊन सांगा. पुढच्या भागात ते आपण सगळ्यांना ऐकवू. येते मैत्रिणींनो, नमस्कार.